प्री-मेडसाठी हॉपकिन्स की रटगर्स?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर पालकांनाही पुढचं उत्तर लागू करून बघता येईल. तुम्ही न्यू जर्सीत राहता. मुलगी बारावीत आहे, जन्मानं अमेरिकन नागरिक आहे आणि डॉक्टर व्हायचं तिनं ठरवलं आहे, म्हणजे प्री-मेड: आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल स्कूल. मेरीलँडमधल्या जॉन्स हॉपकिन्स या खासगी विद्यापीठात प्रवेश मिळालाय, पण आर्थिक मदत शून्य. राहणं-जेवण धरून वर्षाला ९२ हजार डॉलर. रटगर्स या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात ऑनर्स कॉलेजमध्येही मिळालाय, तिथं स्कॉलरशिप वजा जाता वर्षाला २८ हजार. ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, १ लाख ६० हजार जमलेत. धाकटा मुलगा दोन वर्षांनी कॉलेजात जाईल. पुण्याचे तुमचे थोरले भाऊ म्हणतात, हॉपकिन्सला नाही म्हणणं म्हणजे घरी चालत आलेली लक्ष्मी परत पाठवणं. आणि तुम्ही विचारताय की हॉपकिन्सच्या नावामुळे मेडिकल स्कूलचा प्रवेश सोपा होतो का, आणि होत असेल तर त्यासाठी कर्ज काढावं का. शिवाय दुसऱ्या राज्यात शिकल्यानं न्यू जर्सीच्या मेडिकल स्कूल्समध्ये काही तोटा होतो का, हेही.

मी बरीच वर्षं एका सरकारी विद्यापीठात प्री-हेल्थ सल्लागार म्हणून काम करते. मेडिकल स्कूलला अर्ज करणारी मुलं पहिल्या वर्षापासून प्रवेश मिळेपर्यंत, आणि न मिळाल्यास त्यानंतरही, माझ्यासमोर बसतात. तुम्ही दिलेल्या आकड्यांवर माझं उत्तर रटगर्स आहे, आणि त्यात मला फारशी शंका नाही. पण हे उत्तर आकड्यांना बांधलेलं आहे. आकडे बदलले तर तेही बदलेल, म्हणून कारणं नीट बघा.

प्री-मेड कुटुंबाला फी दोनदा भरायची असते, आधी कॉलेजची आणि मग मेडिकल स्कूलची. तुमच्या प्रश्नात दुसऱ्या फीचा उल्लेखच नाही आणि खरी अडचण तिथंच आहे. रटगर्सचा चार वर्षांचा हिशेब १ लाख १२ हजार होतो. म्हणजे ५२९ मध्ये ४८ हजार उरतात, आणि ते मेडिकल स्कूलसाठीही कर न लागता वापरता येतात. हॉपकिन्सचे होतात ३ लाख ६८ हजार. ५२९ पूर्ण रिकामं करूनही २ लाख ८ हजार कमी पडतात. दरवर्षीची फीवाढ दोन्हीकडे वेगळी धरा.

हे २ लाख ८ हजार आणायचे कुठून? पूर्वी पालक पॅरेंट प्लस नावाचं सरकारी कर्ज लागेल तेवढं काढू शकत. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानं ते बदललं. १ जुलै २०२६ पासून नव्यानं कर्ज काढणाऱ्या पालकांना एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार एवढीच मर्यादा आहे. उरलेलं खासगी कर्ज किंवा घरावर कर्ज. व्याज ९ टक्क्यांच्या आसपास धरलं तर २ लाखांचा दहा वर्षांचा हप्ता महिना अडीच हजारांच्या वर जातो आणि फेडेपर्यंत ३ लाख भरून होतात. हा हप्ता चालू असतानाच धाकट्याची फी सुरू होईल.

आता दुसरी फी. खासगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा एकूण खर्च साडेतीन ते चार लाखांच्या घरात जातो. आपल्याच राज्यातलं सरकारी असेल तर त्याहून कमी, पण अडीच-तीन लाखांची तयारी ठेवावीच लागते. आजवर मुलं ग्रॅड प्लस या सरकारी कर्जातून सगळा खर्च भागवत. त्याच कायद्यानं नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस बंद केलं. आता मेडिकलच्या विद्यार्थ्याला सरकारकडून वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख मिळतील. खासगी स्कूल असेल तर वरचे दीड-दोन लाख खासगी बँकेकडून आणावे लागतील. खासगी बँक सहसा सहकर्जदार मागते, आणि तो सहकर्जदार तुम्हीच असणार. पहिल्या चार वर्षांत स्वतःची पत आणि घर दोन्ही गुंतवून बसलात, तर मुलीला खरी गरज पडेल तेव्हा तुमच्याकडे सहीशिवाय द्यायला काही नसेल, आणि कदाचित ती सहीही बँक घेणार नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर पैशाच्या बाबतीत मी जरा सैल बोलले असते. या कायद्यानंतर नाही.

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलनं २०१८ मध्ये सगळ्यांची ट्यूशन माफ केली, न्यूयॉर्कमधल्याच आइन्स्टाइन मेडिकल स्कूलनं २०२४ मध्ये केली, आणि त्याच वर्षी उद्योगपती ब्लूमबर्ग यांच्या देणगीतून हॉपकिन्सच्या मेडिकल स्कूलनं ३ लाखांखाली उत्पन्न असलेल्या कुटुंबांची केली. पालक हे मला नेहमी ऐकवतात. पण जिथं फी माफ तिथं अर्जांचा ढीग. त्यावर घरचं अंदाजपत्रक उभं करू नका.

आता नावाकडे येऊ. दरवर्षी अमेरिकेत एमडीसाठी (इथली डॉक्टरची मूळ पदवी) साधारण ५२ हजार जण अर्ज करतात आणि २३ हजारांच्या आसपास पहिल्या वर्षाला बसतात. म्हणजे निम्म्याहून अधिक बाहेर राहतात, आणि ती मुलंही हुशार असतात. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए (पदवीच्या ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.७७ च्या वर आणि एमकॅट (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे गुण, ५२८ पैकी) ५११-५१२ च्या आसपास असतो. अमेरिकन मेडिकल कॉलेजांची संघटना दरवर्षी एक तक्ता प्रसिद्ध करते: जीपीएचे गट एका बाजूला, एमकॅटचे दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक चौकटीत किती टक्के जणांना प्रवेश मिळाला ते. जीपीए ३.७९ च्या वर आणि एमकॅट ५१७ च्या वर असेल तर दहातले साधारण आठ जण आत जातात. त्या तक्त्यात कॉलेजच्या नावाचा रकाना नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी तो छापून देते.

याचा अर्थ नावाला काहीच किंमत नाही असा मात्र नाही. माझ्या पाहण्यात काही खासगी, संशोधनप्रधान मेडिकल स्कूल्स अर्जदाराच्या कॉलेजकडे लक्ष देतात. सरकारी मेडिकल स्कूल्स त्या मानानं कमी देतात. दोन अर्ज सगळ्या बाबतींत सारखे असतील तर हॉपकिन्सचं नाव थोडं पारडं झुकवेल. पण 'सगळ्या बाबतींत सारखे' हेच प्रत्यक्षात जमून येत नाही, कारण कॉलेज बदललं की जीपीएही बदलू शकतो, आणि ३.५ चा जीपीए हॉपकिन्सच्या नावानं ३.८ होत नाही. एमकॅट तर सगळ्यांना एकच.

जीपीएबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण आपल्याकडच्या पालकांना हा भाग सहसा माहीत नसतो. मेडिकलच्या अर्जात जीव, रसायन, भौतिक आणि गणित या विषयांचा वेगळा जीपीए काढला जातो. एखादा विषय पुन्हा दिला तरी पहिली ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही मोजल्या जातात. पहिल्या सत्रात जनरल केमिस्ट्रीत सी पडला तर तो अर्जापर्यंत सोबत येतो. जिथं वर्गातला प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला आलेला असतो आणि ग्रेड वर्गाच्या तुलनेत दिल्या जातात, तिथं चांगली मुलगीही मधल्या थरात जाऊ शकते. नामवंत, महागड्या कॉलेजातून ३.४ घेऊन बाहेर पडलेली मुलं पदवीनंतर आमच्याकडे येतात. मग पोस्ट-बॅक (पदवीनंतर पुन्हा विज्ञानाचे विषय घेणं) किंवा वर्षभराचा विशेष मास्टर्स, म्हणजे आणखी तीस-चाळीस हजार आणि पुढे, आणि दोन वर्षं. त्यांच्यात बुद्धी कमी नव्हती. पहिल्या वर्षी पाच अवघड विषय एकदम घेतले आणि मदत मागायला उशीर केला, एवढंच.

पण रटगर्स सोपं आहे असं समजून पाठवू नका, नाहीतर तीही फसेल. सुरुवातीच्या केमिस्ट्री-बायॉलॉजीचे वर्ग शेकडो मुलांचे असतात. प्राध्यापकाला तुमच्या मुलीचं नाव कळायचं असेल तर तिला ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापकांच्या भेटीच्या ठरलेल्या वेळी, स्वतः जावं लागेल. ऑर्गॅनिक केमिस्ट्री तिथंही मुलांना रडवते. ऑनर्स कॉलेजचा उपयोग इथं आहे: लहान सेमिनार, वेगळे सल्लागार, सोबतीला तशीच अभ्यासू मुलं. आणि हेल्थ प्रोफेशन्स ऑफिस हे प्री-हेल्थ मुलांसाठीच आहे. पहिल्याच सत्रात तिनं तिथं तोंडओळख करून घ्यावी.

प्रवेश समितीला गुणांखेरीज दिसतं ते काम. रुग्णांच्या जवळ किती वेळ घालवला, प्रयोगशाळेत काय केलं, कोणाची सेवा केली, आणि या सगळ्याबद्दल तिला ओळखणाऱ्या माणसानं पत्रात काय लिहिलं. इथं हॉपकिन्सचा फायदा खरा आहे आणि मी तो लपवणार नाही. १८७६ पासून ती संस्था संशोधनावरच उभी आहे. तिथल्या मुख्य होमवूड कॅम्पसवरून शटलनं पूर्व बाल्टिमोरच्या हॉस्पिटलला जाता येतं आणि पदवीच्या मुलांना प्रयोगशाळेत घेणं तिथं अंगवळणी पडलेलं आहे. पण रटगर्सच्या बुश कॅम्पसवर वॅक्समन इन्स्टिट्यूट ही सूक्ष्मजीवशास्त्राची संशोधन संस्था आहे, रॉबर्ट वुड जॉन्सन मेडिकल स्कूलच्या प्रयोगशाळा पिस्कॅटवेमध्ये त्याच परिसरात आहेत, त्याच नावाचं मोठं हॉस्पिटल न्यू ब्रन्सविकमध्ये आहे, आणि अॅरेस्टी सेंटर तर पदवीच्या मुलांना संशोधनात आणण्यासाठीच चालवलं जातं. फरक असा की हॉपकिन्समध्ये सगळेच हे करतात म्हणून तीही करेल. रटगर्समध्ये तिला मागावं लागेल. तुमची मुलगी मागणारी आहे का? हे तुम्हाला माहीत आहे, मला नाही. बुजरी असेल तर हा मुद्दा हॉपकिन्सच्या बाजूनं धरा. माझ्याकडची एक मुलगी स्कॉलरशिपवर आली होती, अतिशय कमी बोलणारी. पहिल्या वर्षाच्या शेवटी तिला मी अक्षरशः हाताला धरून एका प्राध्यापिकेकडे नेलं. तीन वर्षं ती त्याच प्रयोगशाळेत राहिली. त्या बाईंनी लिहिलेलं पत्र मुलाखतीत दोन ठिकाणी वाचून दाखवलं गेलं, असं तिनंच मला सांगितलं. मोठ्या सरकारी विद्यापीठात असं व्हायला कुणीतरी पहिली ढकल द्यावी लागते. घरापासून अर्ध्या तासावर असाल तर ती तुम्हीही देऊ शकता.

राज्याचं काय, असंही तुम्ही विचारलंत. सरकारी मेडिकल स्कूल्स आपल्या राज्यातल्या अर्जदारांना झुकतं माप देतात. ती मेरीलँडला शिकायला गेली तरी तुमच्यावर अवलंबून असल्यानं न्यू जर्सीचीच रहिवासी राहते, त्यामुळे न्यू जर्सीतली रटगर्सची दोन्ही मेडिकल स्कूल्स आणि रोवन विद्यापीठाचं कूपर मेडिकल स्कूल यांच्या दृष्टीनं काही बिघडत नाही. हा मुद्दा दोन्हीकडे सारखा, तो वजाबाकीतून काढून टाका.

आता पुण्याच्या भाऊंबद्दल. त्यांचा सल्ला प्रेमाचा आहे आणि महाराष्ट्राच्या हिशेबानं बरोबरही आहे. तिथं बी. जे., केईएमचं जी. एस., जे. जे.चं ग्रँट ही सगळ्यांत मानाची कॉलेजं सरकारी किंवा महापालिकेची आहेत आणि फीही सगळ्यांत कमी. नीटमध्ये वर आलेल्याला नाव आणि स्वस्ताई एकत्रच मिळतात. खासगीत मात्र फी अनेक पटींनी जास्त. त्यामुळे नाव की पैसा असा पेच तिथल्या हुशार मुलाच्या घरी फारसा पडतच नाही. शिवाय तिथं बारावीनंतर थेट एमबीबीएस, म्हणजे ज्या कॉलेजचं नाव घ्यायचं ते मेडिकल कॉलेजच असतं. इथं डॉक्टरच्या पाटीवर कॉलेजचं नाव येत नाही. रेसिडेन्सीसाठी, म्हणजे एमडीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणासाठी, निवड करणारे मेडिकल स्कूल बघतात, रोटेशनमधले (वेगवेगळ्या विभागांतल्या कामाचे) शेरे आणि पत्रं बघतात, डॉक्टरच्या परवाना परीक्षेतल्या स्टेप २ चे गुण बघतात. स्टेप १ तर जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास आहे. बी.ए. कुठून केलं हे तोवर कुणी विचारत नाही. भाऊंना हे असंच समजावून सांगा, त्यांना पटेल.

नावाच्या बाजूनं सगळ्यांत भक्कम मुद्दा मात्र तुमच्या पत्रात आलेला नाही, म्हणून मीच मांडते. अठराव्या वर्षी डॉक्टर व्हायचं म्हणणारी पुष्कळ मुलं दोन वर्षांत दुसरीकडे वळतात. त्यात वाईट काही नाही. कुणाला अर्थशास्त्र आवडतं, कुणाला कॉम्प्युटर, कुणाला रक्ताचा वासच सहन होत नाही. तशी वळली आणि कन्सल्टिंग किंवा गुंतवणूक क्षेत्रात जायचं म्हणाली, तर तिथं कॉलेजचं नाव मेडिकलपेक्षा कितीतरी जास्त चालतं. म्हणून मुलीशी बसून मोकळेपणानं बोला. रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम केलंय का? कुणा डॉक्टरबरोबर दिवसभर उभी राहिली आहे का? की चांगले मार्क आणि घरातली इच्छा यावर निर्णय झालाय? निर्धार कच्चा असेल तर हॉपकिन्सची किंमत वाढते. तरीही २ लाखांच्या कर्जाइतकी वाढते असं मला वाटत नाही, कारण वाट बदलणाऱ्या मुलीच्या पाठीवरही ते कर्ज असणारच.

मग मी हॉपकिन्स कधी म्हणेन? फरक वर्षाला दहा-पंधरा हजारांवर आला आणि तो तुम्ही पगारातून, कर्ज न काढता भरू शकलात, तर म्हणेन आणि आनंदानं म्हणेन. आजी-आजोबांनी वेगळी रक्कम बाजूला ठेवली असेल आणि धाकट्याचं काही अडत नसेल, तरी म्हणेन. मुलीला एमडी-पीएचडी करून संशोधनातच जायचं असेल तरी पारडं तिकडे सरकतं. त्या अभ्यासक्रमांत बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि वर भत्ता मिळतो, म्हणजे दुसऱ्या फीचा प्रश्नच वेगळा होतो. पण अठराव्या वर्षी ते ठामपणे सांगणारी मुलं थोडी.

एच-४ वर, म्हणजे पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, असलेल्या मुलांच्या पालकांनी वरचं सगळं जसंच्या तसं लावू नये. एकवीस पूर्ण झाल्यावर मुलाला एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) सारखा स्वतःचा व्हिसा घ्यावा लागतो, सरकारी कर्ज मिळत नाही, आणि बरीचशी मेडिकल स्कूल्स ग्रीन कार्ड नसलेल्याचा अर्जच घेत नाहीत. जी घेतात त्यांच्यातली काही एक ते चार वर्षांची फी आधी खात्यात ठेवायला सांगतात. अशा घरी पहिल्या चार वर्षांत वाचलेल्या प्रत्येक डॉलरची गरज तुमच्यापेक्षाही मोठी आहे.

आता १ मेच्या, म्हणजे कॉलेज निवडायच्या शेवटच्या तारखेच्या, आधी काय करायचं ते सांगते. हॉपकिन्सच्या मदत कार्यालयाला फेरविचाराची विनंती करा. ते मुख्यतः गरज पाहून मदत देतात, त्यामुळे 'रटगर्सनं स्कॉलरशिप दिली' एवढ्यानं भागणार नाही. कागद दाखवा: भारतात आई-वडिलांना नियमित पैसे पाठवत असाल तर त्याचा पुरावा, औषधोपचाराचा मोठा खर्च, उत्पन्नातली घट. दोन वर्षांनी धाकटा कॉलेजात गेल्यावर मदतीचा विचार कसा बदलेल तेही विचारा. फॅफ्सा हा सरकारी मदतीचा अर्ज आता दोन भावंडं एकाच वेळी कॉलेजात असल्याचा लाभ देत नाही, पण सीएसएस प्रोफाइल हा वेगळा, जास्त तपशिलाचा अर्ज वापरणारी कॉलेजं देऊ शकतात. उत्तर लेखी घ्या. रटगर्सला विचारायचं ते असं: स्कॉलरशिप चारही वर्षं आहे का, ती टिकवायला जीपीए किती लागतो, आणि पहिल्या वर्षी जीपीए घसरला तर ती परत मिळते का. प्री-मेडचे विषय अवघड असल्यानं ही अट नीट वाचा.

शाळेतच केलेल्या कॉलेज-पातळीच्या एपी विषयांचे क्रेडिट वापरून तीन वर्षांत पदवी संपवायचा मोह होईल, कारण आणखी २८ हजार वाचतात. घाई नको. बऱ्याच मेडिकल स्कूल्सना बायॉलॉजी-केमिस्ट्री कॉलेजातच केलेली हवी असते, आणि रुग्णसेवा, संशोधन, एमकॅट हे सगळं तीन वर्षांत कोंबलं की अर्ज कच्चा राहतो. आज मेडिकलला जाणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त जण पदवीनंतर किमान एक वर्ष थांबलेले असतात. तिचंही तसं होऊ शकतं, त्यामुळे बाविसाव्या वर्षी मेडिकलला बसलीच पाहिजे असं घरात कुणी बोलू नका.

अर्जाचा खर्चही आजच बाजूला ठेवा. एमकॅटची फी तीनशेच्या वर, तयारीचा क्लास लावलात तर काही हजार, वीस-पंचवीस ठिकाणी अर्ज, प्रत्येकाची दुसरी फी शंभरच्या आसपास, आणि कुठं प्रत्यक्ष मुलाखत असेल तर विमान आणि हॉटेल. चार-पाच हजार सहज जातात. आणि हे सगळे आकडे मुलीसमोर मांडा, तिच्या वाट्याला मेडिकलसाठी किती उरणार आहेत तेही तिला सांगा. अठरा वर्षांच्या मुलीला हा हिशेब कळतो. तिला हॉपकिन्स मनापासून हवं असेल तर रटगर्स ऐकून ती नाराज होईल, काही दिवस रडेलही. तिला तेवढा वेळ द्या, आणि शक्य असेल तर रटगर्सच्या ऑनर्समधून मेडिकलला गेलेल्या एक-दोन मुलांशी तिची गाठ घालून द्या. त्यांची नावं हेल्थ प्रोफेशन्स ऑफिसकडे मागितलीत, तर त्या मुलांना विचारून ते बहुधा देतील.